एक ठिकाण झाकून

परवा सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर यंदाची पहिली काजळी दिसली. केसाच्या तुकड्याएवढी, काळी, एका टोकाला वळलेली. मग दुसरी, उशीच्या अभ्र्यावर. म्हणजे साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, बॉयलर पेटले, उसाचा हंगाम सुरू झाला. बारामतीत राहणाऱ्याला ही बातमी वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही. ती घरपोच येते.

काजळीचा एक नियम आहे आणि आमच्या भागातल्या बहुतेक घरांत तो पाळला जातो. तिला बोट लावायचं नाही. बोट लागलं की तिची रेघ होते आणि ती रेघ साबणालाही दाद देत नाही. फुंकर घालायची. हलकी असते, उडून जाते. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला सुनंदा, माझी पत्नी, गच्चीच्या दारात उभी राहून मला हाक मारायची, "अहो, फुंकर घाला इथं." तिच्याकडे फुंकर घालण्याइतका श्वास उरला नव्हता. मी चादरीभोवती फिरत फुंकरा घालायचो आणि ती दारातून दाखवायची. "डावीकडे. अजून खाली. अहो, काजळी उडवायचीय, चादर नाही."

परवा मी चादरीसमोर बराच वेळ उभा राहिलो. फुंकर घातली नाही. चादर तशीच घडी करून आत आणली. घडी उलगडली तर आत चार रेघा उठलेल्या.

हंगाम आला की माणसं खुलतात हे मी लहानपणापासून पाहत आलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी, वळणावर सांडलेली कांडी, संध्याकाळी हवेत मळीचा आंबूस-गोड वास. पडीक रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटे त्यांच्या चुलींचा धूर जमिनीलगत पसरतो. थंडीत हवा वर जात नाही. कोणीतरी आभाळावर झाकण ठेवावं तशी खालच्या खाली साचते. सुनंदा इंदापूर तालुक्यातली, ऊस लावणाऱ्या घरातली. धुराबद्दल कुणी तावातावानं बोलू लागलं की ती म्हणायची, "चहात दोन चमचे साखर घालून धुराला नावं ठेवू नयेत." आणि स्वतःचा चहा उचलून ओठाला लावायची. तो पिताना तिला मध्ये थांबावं लागायचं, तेव्हाही.

तिची फुप्फुसं आखडत चालली होती. आजाराला लांबलचक नाव होतं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते नाव उच्चारायची गरज पडत नसे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात छातीच्या डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, "बाई, हंगामाचे महिने जागा बदला."

"कुठं जाऊ?" तिनं विचारलं.

"जिथं हवा बरी आहे तिथं."

गाडीत बसल्यावर ती हसली. सुनंदा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. "'जिथं हवा बरी आहे तिथं.' परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देईन हो."

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझ्या हातात पुस्तकं होती, ती मी शोधून आणली. पण आमच्या दोन तालुक्यांतल्या कुठल्या गावात माणसाला नीट श्वास घेता येईल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेव्हा ते आपणच काढायचं, असं तिनं ठरवलं.

पुण्याच्या एका संस्थेकडून तिनं अभ्यासासाठी काही डब्या मिळवल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या, जेवणाच्या डब्याएवढ्या. आत बारीक पंखा, तो हवा ओढतो, आणि हवेतली न दिसणारी धूळ मोजली जाते. आत मोबाईलचं सिम असतं, त्यावरून आकडा तिच्या लॅपटॉपवर आणि आमच्या फोनवर येतो. फोनमधल्या नकाशावर प्रत्येक डबीचा एक ठिपका. हवा चांगली असली की हिरवा, मग पिवळा, नारिंगी, लाल. डबी बंद पडली तर राखाडी.

दसऱ्याच्या आसपास आम्ही त्या लावत फिरलो. एक आमच्या गच्चीवर. एक एमआयडीसीच्या बाजूला ओळखीच्या दुकानात, एक एसटी स्टँडजवळ, एक सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर जिथून उसाच्या गाड्या जातात, एक इंदापुरात, एक भिगवणला पाण्याच्या कडेला, एक मोरगावला. मी शिडीवर, ती खाली. मी उत्साहात डबी उंच बांधायला लागलो की खालून आवाज यायचा, "नाकाच्या उंचीला बांधा. पाखरांची हवा नाही मोजायची आपल्याला."

डब्या मोजक्या आणि गावं कितीतरी. मग जिथं डबी नाही तिथली हवा कशी कळणार? मी विचारलं तेव्हा तिनं जेवणाच्या टेबलावरच समजावलं. मिठाचा सट म्हणजे कारखाना, लोणच्याची बरणी म्हणजे दुसरा, चमचा म्हणजे हायवे. "प्रत्येक जागेला काही गोष्टी चिकटलेल्या असतात. धुराडं किती लांब, मोठा रस्ता किती जवळ, आजूबाजूला ऊस किती, चुली किती, वारा कुठून येतो. जिथं डबी आहे तिथं आपण बघतो की यातली कुठली गोष्ट हवेला किती बिघडवते. ते एकदा कळलं की जिथं डबी नाही तिथलीही हवा ओळखता येते." मग तिनं पोळीचा एक तुकडा टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला. "ही मी. सांगा, मला इथं किती दम लागेल?"

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की गावाची हवा एक असते. आज हवा चांगली आहे, आज कुंद आहे, असं आपण सहज बोलतो. ती तशी नसतेच. एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन हवा असतात. बेकरीच्या मागची, शाळेच्या पुढची, सिग्नलला थांबलेल्या रिक्षातली, सगळ्या निराळ्या. माणूस दिवसभर या वेगवेगळ्या हवांमधून येरझारा घालत असतो आणि त्याला वाटतं आपण एकाच गावात राहतो.

भिगवण तिला मनापासून हवं होतं. उजनीचं पाणी तिच्या माहेरच्या शिवाराला लागून. तिच्या नात्यातल्यांची एक रिकामी खोली पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. थंडीत तिथं रोहित पक्षी येतात. डबी बांधायला गेलो त्या दिवशी आम्ही रस्त्याकडेच्या खानावळीत चिलापी मासा खाल्ला, मग ती काठावर दगडावर बसून राहिली. कोळ्यांच्या होड्या येत होत्या. ती म्हणाली, "इथं खिडकीत खुर्ची टाकली तर मला दुसरं काही लागणार नाही."

मी म्हणालो, "पाण्यावरून येणारी हवा चांगलीच असणार."

"हे मत झालं," ती म्हणाली. पण माझं मत तिला आवडलं होतं, ते दिसत होतं.

मोरगावचं तसं नव्हतं. मोरगावची डबी तिनं नकाशा पुरा व्हावा म्हणून लावली होती. ज्वारी-बाजरीचं कोरडं रान, ऊस नाही, कारखाना जवळ नाही. देवळापासून थोडं दूर, तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं माहेर. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात हिराबाई आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. आणि शेळ्या. मी पडवीच्या खांबाला डबी बांधत होतो तेव्हा तात्यांनी मान वर करून विचारलं, "बाई, ह्यात काय दिसतं?"

"धूळ मोजतं तात्या हे."

"मग बरुबर जागी आणलंय. धुळीला आमच्याकडं तोटा न्हाय. यंतर कमी पडंल, धूळ न्हाय पडायची."

दिवाळी झाली, बॉयलर पेटले, आकडे येऊ लागले. सुनंदा रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायची, पाठीला उशी, बाजूला गरम पाण्याचा पेला. आमच्या गच्चीचा ठिपका लाल व्हायचा तेव्हा मी खिडक्या लावत फिरायचो. भिगवणचा ठिपका दिवसा चांगला असायचा, संध्याकाळी हायवे भरला आणि खानावळींच्या भट्ट्या पेटल्या की नारिंगी. वाईट नव्हता. आमच्यापेक्षा पुष्कळ बरा. पण आश्चर्य मोरगावचं होतं. पहाटे आणि दिवेलागणीला मोरगावचा ठिपका सगळ्या नकाशात सर्वांत लाल.

"मोरगावला पहाटे कुठला कारखाना चालू होतो?" ती म्हणाली.

"देवळात येणाऱ्यांच्या गाड्या असतील."

"पहाटे? आणि दुपारी कुणाला देव आठवत नाही?"

मी विषय वाढवला नाही. मला बरं वाटत होतं. मोरगाव वाईट निघालं, भिगवण त्यातल्या त्यात चांगलं. तिला हवं होतं तेच आकडे सांगत होते. मी माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि खोली झाडून ठेवायला तिच्या माहेरी निरोप पाठवला. ती मात्र लॅपटॉपसमोरून उठेना. मोरगावचा तो एक आकडा तिच्या सगळ्या हिशेबाला ओढून वाकडं करत होता. धुराडं लांब, हायवे लांब, ऊस नाही, आणि हवा सर्वांत वाईट. मग धुराडं जवळ असलं काय आणि लांब असलं काय?

तेव्हा तिनं ती रीत केली, जिच्यावर मी आता हा लेख लिहितो आहे. तिच्या विद्येत ती साधीच गोष्ट असावी. हातातल्या ठिकाणांपैकी एक झाकायचं. त्याचा आकडा ठाऊकच नाही असं समजायचं आणि उरलेल्यांवरून ते ओळखायचं. मग झाकलेलं उघडून बघायचं, आपला अंदाज किती चुकला. असं प्रत्येक ठिकाण आळीपाळीनं झाकायचं. तिनं इंदापूर झाकलं, अंदाज जवळपास बरोबर. भिगवण झाकलं, बरोबर. आमची गच्ची झाकली, बरोबर. मोरगाव झाकलं. उरलेल्या सगळ्यांनी मिळून सांगितलं, मोरगावची हवा या मुलखात सर्वांत चांगली असायला हवी.

"एक तर माझा हिशेब चुकतोय, नाहीतर मोरगावची डबी."

"सोडून दे ना ते एक ठिकाण," मी म्हणालो. "भिगवण तुला हवंय. आकडेही तेच म्हणतायत."

"आकडे नाही म्हणत. एक डबी म्हणतेय."

तिनं एकदा बॅगेकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मोरगावला जाऊन येऊ."

गेलो. पडवीचा खांब रिकामा होता. डबीची वायर दारातून आत गेलेली. वायरीच्या मागोमाग आम्ही आत गेलो. आतल्या खोलीत कोनाड्यात देव, आणि देवांच्या शेजारी लाल कापडावर आमची डबी. तिच्यावर हळदीकुंकू, झेंडूचं एक फूल, आणि पुढ्यात उदबत्तीचं घर, त्यात राखेचा ढीग.

हिराबाईंनी पदर सारखा केला. "बाई, रागवू नगा. भाईर हुतं तवा शेळी वायर चघळाय लागली. म्हनलं, बाईंनी इस्वासानं ठिवलेली वस्तू. म्हनून आत आणली."

तात्या उंबऱ्यातून म्हणाले, "मी म्हनत हुतो, खांबाला वर सरकव. तर हिनं देवाजवळ बसवली. आता रोज सकाळ-संध्याकाळ तिलाबी उदबत्ती. मला च्या इचारत न्हाय येळेवर."

"तुमचा कुठं दिवा लुकलुकतोय?" हिराबाई म्हणाल्या. "तिचा लुकलुकतोय. आत काय तरी घुमतंय. जितं वाटतं. देवाला ववाळायचं आन शेजारच्याला कोरडं ठिवायचं, बरं दिसतं व्हय?"

सुनंदा हसू लागली. हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं, ती भिंतीला धरून खाली बसली, आणि हिराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. दम खाली बसल्यावर तिनं विचारलं, "हिराबाई, चूल कुठंय?"

"ही काय, म्हागं. भिताडापल्याड."

भिंत कमरेएवढीच होती. वर सगळं मोकळं. कोनाड्याच्या वरचा वासा काळाकुट्ट झालेला. सुनंदानं वर पाहिलं, मग डबीकडे, मग हिराबाईंकडे. मला म्हणाली, "डबी खोटं नव्हती बोलत. तिनं हिराबाईंच्या नाकाची हवा मोजली." आणि मग तात्यांकडे वळून, शिकवतानाच्या आवाजात, "तात्या, शेळ्यांच्या गोठ्याला खिडकी ठेवलीत ना?"

"हाय की. दोन हायत."

"आणि हिराबाईंना?"

तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. हिराबाई म्हणाल्या, "आता बोला की. मगाशी लई त्वांड चालत हुतं."

डबी पुन्हा बाहेर गेली, या वेळी शेळीच्या मानेपेक्षा वर. थोड्याच दिवसांत मोरगावचा ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला, पहाटेही, दिवेलागणीलाही. तिचा अंदाज होता तसाच. आतल्या आकड्यांचं काय करायचं, मी विचारलं. मला वाटलं ती ते पुसून टाकेल. तिनं पुसले नाहीत. नकाशात तिनं एकाच घराची दोन नावं केली. मोरगाव, बाहेर. मोरगाव, आत.

त्या दिवशी मोरगावहून परतताना निम्म्या वाटेत ती म्हणाली, "मला मनातून वाटत होतं, डबी खरी निघावी. मोरगाव वाईट निघावं."

"अजूनही भिगवणला जाता येईल."

"कळल्यावर कसं जाणार?" ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली. पुढे उसाची ट्रॉली होती.

तो हंगाम आम्ही हिराबाईंच्या घरामागच्या खोलीत काढला. पाणी नव्हतं, रोहित नव्हते. खिडकीतून ज्वारीचं रान आणि शेळ्या दिसायच्या. तिला तो देखावा आवडला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या आठवड्यातच ती उताणी झोपली. कित्येक महिने ती बसून झोपत होती, मी तिच्या शेजारी अर्धवट जागा. त्या पहाटे मला जाग आली, बाजूला तिची बसलेली आकृती दिसेना आणि मी दचकून उठलो. ती आडवी होती, तोंड किंचित उघडं, आणि श्वास येत-जात होता, रात्रीच्या पाण्यासारखा, आवाज न करता. बाहेर हिराबाई शेळीवर ओरडत होत्या. मला वाटलं, ही बाई अशीच ओरडत राहो आणि सुनंदाची झोप न मोडो. दोन्ही झालं.

तात्यांनी संक्रांतीआधी चुलीवर धुराडं बसवलं. बसवताना दिवसभर पुटपुटत होते. धूर सरळ वर गेला तेव्हा अंगणात उभे राहून त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांनीच कारखाना काढला. "बाई, आमचंबी बॉयलर पेटलं बघा," म्हणाले. सुनंदानं डबी एका संध्याकाळपुरती पुन्हा आत, देवाजवळ ठेवून घेतली. चूल पेटली, ठिपका हिरवा राहिला. मग हिराबाईंनी उदबत्ती लावली, ठिपका पिवळा झाला, थोडा वेळ नारिंगी, आणि उदबत्ती संपली तसा परत हिरवा. "बघा," सुनंदा म्हणाली, "आता एवढंच उरलंय." हिराबाई म्हणाल्या, "तेवढं ऱ्हाऊ द्या बाई. त्येच्याबिगर करमायचं न्हाय." सुनंदानं मान डोलावली. सगळंच शून्यावर आणायचा तिचा हट्ट नव्हता.

शिमग्यानंतर हंगाम संपला, आम्ही बारामतीला परतलो. ती यंदाच्या पावसाळ्यात गेली. श्रावणात, जेव्हा धूळ धुतली जाते आणि नकाशावरचे सगळे ठिपके हिरवे असतात. हवेनं तिला काहीच केलं नव्हतं तेव्हा. हिशेबात तिनं धुराडी धरली, रस्ते धरले, चुली धरल्या. जे आतूनच आखडत होतं, ते कुठल्याच नकाशावर नव्हतं. तिला ते पहिल्यापासून ठाऊक असणार. तरी तिनं एक हंगाम शोधून काढला, झोपण्यापुरता.

आता मी घरभर फिरत असतो. एका जागी बसवत नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक पालथं ठेवतो, खिडकी लावतो, उघडतो, गच्चीवर जातो, खाली येतो. शेजारचे म्हणतात, मन रमवा. त्यांचं चुकत नाही. पण घरातलं तिचं नसणंही सगळीकडे सारखं पसरलेलं नाही, हे त्यांना कसं सांगू? फाटकाशी ते विरळ आहे, तिथं मी पोस्टमनशी नीट बोलू शकतो. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर, जिथं ती दम खायला थांबायची, तिथं दाट आहे. स्वयंपाकघरात सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. लॅपटॉपच्या टेबलाशी जाववत नाही. आणि मधूनच जिथं अजिबात अपेक्षा नसते, तिथं, औषधाच्या दुकानाच्या रांगेत, भाजीवाल्याकडे मेथी निवडताना, ठिपका एकदम लाल होतो.

तिची रीतही मी करून पाहिली. ती झाकली आणि उरलेल्यांवरून तिला ओळखू पाहिलं. तिचा चष्मा, तिनं समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा, मिठाचा सट, टेबलाच्या कोपऱ्यातली ती मोकळी जागा. एक बाई येते नजरेसमोर, हुशार, नेमकी, थोडी फटकळ. अंदाज वाईट नाही. पण तिच्या हसण्याचा खोकला होतो आणि ती भिंत धरून खाली बसते, हे उरलेल्या कशावरूनच निघत नाही. झाकलेलं उघडून बघता येत असेल तरच त्या रीतीला अर्थ. माझ्याकडे ती सोय नाही.

डब्यांची सिमं मी चालू ठेवली आहेत. का, ते विचारू नये. दिवसातून कितीदा तरी फोन काढून नकाशा बघतो. एसटी स्टँड नारिंगी, इंदापूर पिवळं, भिगवण दिवसा हिरवं. फक्त मोरगाव राखाडी. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या तेव्हा तात्यांनी वायर काढून ठेवली होती, आणि मग ती लावायला कुणी सांगितलं नाही.

आठवड्यापूर्वी हिराबाईंचा फोन आला होता. "सर, खोली सारवून ठिवलीया. कवा येताय?"

मी म्हणालो, "मला कुठं हवेचा त्रास आहे हिराबाई. बघू."

"बघू म्हनलेलं मानूस येत न्हाय, ठावं हाय आमाला. तितं एकलं बसून काय करताय? काजळीची वाट बघताय व्हय?"

"बघू," मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पलीकडून सुस्कारा टाकला, शेळीला काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी रोज ठरवतो आणि मोडतो. इथं राहावं तर प्रत्येक पायरीवर ती. तिथं जावं तर त्या खोलीत, जिथं ती उताणी झोपली, मी एकटा उताणा पडून काय करणार? बॅग माळ्यावरून काढली, परत ठेवली. तिला भिगवण हवं होतं म्हणून एकदा भिगवणलाही जाऊन आलो. पाणी होतं, पक्षी अजून यायचे होते. दगडावर बसलो आणि लगेच उठलो.

काल संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेलो. त्या चादरीच्या रेघा दोनदा धुऊनही गेल्या नव्हत्या, मी ती पुन्हा वाळत घातली होती. तिच्यावर नवी काजळी बसलेली. या वेळी फुंकर घातली. डावीकडे, मग खाली. उजेड उतरत होता, मळीचा वास सुटला होता, लांब कुठंतरी पाचट पेटलं होतं. सवयीनं फोन काढला.

मोरगावचा ठिपका उजळला होता. हिरवा.

मी बघत राहिलो. मोरगावला आता दिवेलागण झाली असणार. ठिपका पिवळा झाला. मग हळूहळू नारिंगी. डबी बाहेर खांबावर असती तर ठिपका हिरवाच राहिला असता. चुलीचाही हा धूर नव्हे. तो तात्यांच्या धुराड्यातून वर जातो. मला लाल कापड दिसलं, कोनाडा दिसला.

फोन लावला. हिराबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला.

"सर, यंतर लावलंय बघा. दिसतंय का तितं?"

"दिसतंय."

"पेटीत ठिवून बरं वाटंना झालं. बाईंचं हाय." मग जरा घुटमळून, "भाईर लावाय पायजे, ठावं हाय मला. तुमी आलासा की खांबाला बांधा. मला त्ये उंचीचं कळत न्हाय."

"उद्या सकाळच्या एसटीनं येतो," मी म्हणालो.

"या. आन यंतराचं?"

"राहू द्या आतच."

मागून तात्या विचारत होते, "येतोय व्हय? मग शेळ्या आत बांधाय लागतील, वायर चघळत्यात." फोन बंद झाला. चादर खांद्यावर होती, खाली रस्त्यावरून ट्रॉल्या चालल्या होत्या. नारिंगी ठिपका पिवळा झाला, आणि उदबत्ती संपून तो हिरवा होईपर्यंत मी गच्चीवर एका जागी उभा होतो.